आक्काचं पथ्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे आणि उरलेलं अर्धं तिनं कधी विचारलं नाही. शहाणी आहे ती. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — माझ्या दारात रविवारी कधी उभे राहिला नाहीत, माझ्या हातचं कधी काही प्यायला नाहीत. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ उचलत नाही. बघितलंय करून. एकदा भाच्यापुढं तोंड उघडलं आणि शेवटी पाऊसपाण्याचं बोलून परत आलो.

मी दूध संस्थेत टेस्टर होतो. आता रिटायर झालोय, पण गावात अजून माझी ओळख तीच. कुणी दुधात किती पाणी घातलंय ते मी मशीन लावायच्या आधी, नुसतं कॅन हलवून सांगायचो. मोठ्या मोठ्या घरची कॅनं परत पाठवली आहेत मी. शिव्या खाल्ल्या, पण ऐकलं नाही कुणाचं. 'सुभानानापुढं पाणी लपत न्हाई' असं लोक म्हणायचे, आणि मला ते ऐकायला गोड वाटायचं. का नाही वाटणार? आणि त्याच माणसानं — थांबा. क्रमानं सांगतो. घाई केली की मी मधलं काहीतरी गाळतो. गाळायची सवय आहे मला.

आमचं गाव हातकणंगल्याच्या अलीकडं. आमच्या घराण्यात काविळीचं औषध आहे. म्हणजे एका झाडाची मुळी. रविवारी दिवस उगवायच्या आत, अनशा पोटी, ताकात उगाळून द्यायची. तीन रविवार. झाडाचं नाव सांगत नाही. पूर्वी गुपित म्हणून सांगत नव्हतो. आता एवढ्यासाठी, की हे वाचून कुणी शोधायला जाऊ नये. औषधाचा पैसा घ्यायचा नाही, घेतला तर गुण जातो, हा नियम. आणि पथ्य कडक — तेल नाही, तळलेलं नाही, हळद नाही, तिखट नाही. ज्वारीची भाकरी, ताक, ऊस. पथ्य मोडलं तर औषध उलटतं, असं आप्पा सांगायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. एवढा एक नियम नीट ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

मुळी ओळखण्यात माझी थोरली बहीण माझ्यापेक्षा वरचढ. आक्का. लहानपणी आप्पांबरोबर माळावर जायची ती. मी आपला मागनं चिंचा पाडत यायचो. पानं गळून गेलेल्या दिवसांतसुद्धा ती नुसत्या काडीवरून झाड ओळखायची. पण औषध सांगायची वेळ आली तेव्हा आप्पांनी मला आत बोलावलं, आणि आक्काला बाहेर सोप्यात बसवलं. पोरगी सासरी जाणार, तिच्याबरोबर औषध परक्या घरात जाणार — म्हणून लेकीला सांगायचं नाही. मी बाहेर आलो तर ती शेंगा फोडत बसलेली. तिनं एवढंच विचारलं, "सांगितलं व्हय रं?" मी मान हलवली. "मग आता नीट कर. आप्पाचं नाव घालवू नगंस." राग नाही, रुसवा नाही. मी तिच्या जागी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं.

आप्पा गेल्यावर मी औषध द्यायला लागलो. कबनूर, इचलकरंजी, पार गगनबावड्याकडनं माणसं यायची. औषध द्यायच्या आधी हाताला एक लेप चोळायचा आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे. पाणी पिवळंजर्द व्हायचं. "बघा, कावीळ उतरली!" म्हणून माणसं हात जोडायची. आता खरं सांगू? ते पाणी कुणाच्याही हाताला पिवळं होतं. नववीत असताना मी गुपचूप स्वतःचे हात धुऊन बघितले होते. ठणठणीत होतो मी, आणि पाणी पिवळं. आप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, "माणसाला धीर येतो न्हवं? मग गप बस." मी गप बसलो. तिथनंच सुरुवात झाली बहुतेक.

तरीपण माणसं बरी व्हायची. बरीच व्हायची की! पिवळ्या डोळ्यांनी आलेला माणूस तिसऱ्या रविवारी पांढऱ्या डोळ्यांनी नारळ घेऊन यायचा. पाया पडायचा. चार तास संस्थेत दुधाच्या वासात उभं राहणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी चाळीस माणसं वाकून नमस्कार करतात — काय चीज असते ती, तुम्हाला नाही कळायची. पैशाला मी कधी शिवलो नाही. मला तो नमस्कारच पुरायचा.

मग मला कावीळ झाली.

पहिल्यांदा उजव्या बरगडीखाली कळ आली. दात वाजतील अशी थंडी भरून आली, मागनं ताप, दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे. अंगाला खाज, लघवी चहासारखी. मी मुळी उगाळून घेतली. चार दिवसांत उतरलं सगळं. छाती फुगली माझी. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा मुळी, पुन्हा उतरलं. तिसऱ्यांदा मात्र थंडीनं खाट हलायला लागली, आणि बायको — शोभा तिचं नाव — कपडे भरून दारात उभी राहिली. म्हणाली, "आता चला, न्हाईतर मी सगळ्या गावाला गोळा करती." तिला माहीत होतं मी कशाला भितो ते.

गावात सांगितलं, पुण्याला नव्या मशीनच्या ट्रेनिंगला चाललोय. आणि गेलो कुठं? कोल्हापूरला. घरापासून तासाभराच्या वाटेवर.

तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पित्ताशयातला खडा घसरून पित्ताच्या नळीत अडकला होता. नळी तुंबली, की पित्त रक्तात चढतं, डोळे पिवळे होतात. तुंबलेल्या जागी पू धरतो, मग थंडी वाजते. तोंडातून दुर्बीण घालून त्यांनी खडे काढले आणि नळीत प्लास्टिकची एक बारकी नळी ठेवली — वाट मोकळी राहावी म्हणून. तीन महिन्यांनी येऊन काढून घ्या म्हणाले. पित्ताशयही काढून टाकलं. मी विचारलं, "मग आधी दोनदा आपोआप कसं बरं झालं?" मुळीचं नाव घेतलं नाही मी, बरं का. ते म्हणाले, "खडा हलतो. थोडा वर सरकला की वाट मोकळी होते, कावीळ उतरते. माणसाला वाटतं, बरा झालो. खडा तिथंच असतो." आणि दुसऱ्या काविळी, त्या साथीच्या? त्या बहुतेक विश्रांतीनं आपल्या आपणच उतरतात म्हणाले.

पांढऱ्या चादरीवर पडून मी ते ऐकलं. आप्पांची सगळी हयात आणि माझी निम्मी, दोन वाक्यांत संपली. आणखी एक सांगितलं त्यांनी, ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं. "कावीळ, ताप आणि थंडी — ही तिन्ही एकदम आली, तर एक दिवससुद्धा घरी थांबायचं नाही. घरात आणखी कुणाला झालं तर त्यांनाही सांगा. भावंडांत असतं हे पुष्कळदा."

भावंडांत. मला एकच भावंड.

शनिवारी घरी आलो. रविवारी दारातल्या कट्ट्यावर रांग होतीच. मी काय करायला हवं होतं? सांगा की. उठून म्हणायला हवं होतं — पाव्हणं, मी स्वतः दवाखान्यात जाऊन आलो, तुम्हीही जावा. एवढंच. कुणी मारलं नसतं मला. चार दिवस हसले असते, पाचव्या दिवशी विसरले असते. पण रांगेतला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "नानांचं डोळं बघा! गेल्या आठवड्यात हळदीवानी हुतं. आज? ह्याला म्हणत्यात घरचं औषध!" सगळे माझ्या डोळ्यांकडं बघायला लागले. आणि मी हसलो. मुळी उगाळायला घेतली. पोटावरच्या टाक्यांना शर्ट घासत होता माझा.

तीन महिन्यांनी पुन्हा 'ट्रेनिंग' निघालं आणि मी नळी काढून आलो. काउंटरवर एक बाई असायच्या, बोलक्या. "काका, तारखेला बरोब्बर आलात बघा! लोक पोटात नळी विसरतात आणि वर्षानं पुन्हा पिवळे होऊन येतात." हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात. बाकावर चार माणसं बसली होती. त्यात कुणी माझ्या रांगेतलं आहे का, हे मी आधी बघितलं. त्या दिवसापासून त्या बाईंचा आवाज माझ्या कानात बसला.

आता आक्का.

कबनूरला दिली होती तिला. घरात चार माग. नवरा लवकर गेला, तरी ती कांड्या भरत राहिली, पोराला — महेशला — मोठा केला, सून आणली. मागाच्या खडखडाटात बोलून बोलून तिचा आवाज चढा झालेला. फोनवर बोलली तरी मी कानापासून हातभर लांब धरायचो. माझी नळी काढून सहा-सात महिने झाले असतील, तिचा फोन आला. "सुभ्या, मला कावीळ झालीया बघ. रविवारी येतो." आमच्याकडच्या बायका 'येतो'च म्हणतात. फोनवर मी विचारलं, थंडी वाजते का? "वाजतीया की. दोन गोधड्या घेतल्या."

तुम्हाला कळलं ना? तिन्ही. कावीळ, ताप, थंडी. मलाही कळलं. फोन हातात तसाच होता.

रविवारी आली. कट्ट्यावर रांगेत बसली. सख्खी बहीण असून मधनं घुसली नाही. तिची पाळी आली तेव्हा मी हळूच म्हटलं, "आक्का, एकदा डॉक्टरला बी दाखव की." तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिच्या ताटात थुंकलोय. चढ्या आवाजात म्हणाली, सगळ्या रांगेला ऐकू गेलं — "आप्पाच्या औषधानं तुला गुण आला, आन् मला न्हाई यायचा व्हय? तू गेलतास डाक्टरकडं?"

सगळे माझ्याकडं बघताहेत. तो म्हाताराही होता.

"न्हाई," मी म्हटलं.

एक शब्द. तिनं वाटी घेतली, डोळे मिटून आप्पांचं नाव घेतलं आणि ताक पिऊन टाकलं. वाटी खाली ठेवताना तळाशी बघून म्हणाली, "ही जून मुळी हाय. पुढच्या बारीला कवळी बघून काढ." बरोबर होतं तिचं.

आणि खडा हलला. उतरली कावीळ. अडीच महिन्यांनी पुन्हा, पुन्हा मुळी, पुन्हा उतरली. माझंच सगळं तिच्यात पुन्हा घडत होतं, पायरीला पायरी, आणि तिसरी पायरी काय असते ते मला माहीत होतं. रात्री ठरवायचो, उद्या कबनूरला जातो, दार लावून तिला एकटीला सांगतो. शर्ट वर करून टाके दाखवतो. मग वाटायचं — तिच्या पोटात काही राहत नाही, ती महेशला सांगणार, महेश मागवाल्यांना, आणि रविवारी कट्ट्यावर कोण येणार? हे खोटं नाही. मी खरंच असा विचार केला. सख्ख्या बहिणीचा जीव आणि रविवारची रांग, असं तराजूत घालून बघितलं मी.

शोभा एकदा म्हणाली, "आक्कांना सांगितलं का?" मी म्हटलं, "सांगितलं." तिनं पुढं विचारलं नाही.

तिसऱ्यांदा कावीळ झाली तेव्हा रविवारी ती आली नाही, आणि मीही तिच्याकडं गेलो नाही. महेशच मुळी घेऊन गेला. बुधवारी सकाळी दूध घालायच्या वेळेला त्याचा फोन. "मामा, आई थंडीनं थडथडतीया. बोलती बी नीट न्हाई. या लगेच."

इथवर मी जे सांगितलं ते तुम्ही कदाचित समजून घ्याल. माणूस भित्रा असतो, मानाला हपापलेला असतो. पण आता पुढचं. शोभाला जे ठाऊक नाही, ते हे.

मी पोचलो तेव्हा शेजाऱ्याची गाडी दारात लावलेली. आक्काला मागं आडवी केली होती, डोकं सुनेच्या मांडीवर. डोळे लिंबासारखे. महेश म्हणाला, "सरळ कोल्हापूरला काढू या, मामा. तिथं एक दवाखाना हाय, तोंडातनं दुर्बीण घालून खडा काढत्यात म्हणं. आमच्या मागावरच्या एकाचा काढला." आणि त्यानं नाव घेतलं. माझाच दवाखाना. माझेच डॉक्टर.

पोरानं बरोबर सांगितलं होतं! कुणी न शिकवता. मला फक्त 'चल' म्हणायचं होतं.

माझ्या डोळ्यांपुढं काय आलं सांगू? आक्का नाही. काउंटरवरच्या बाई आल्या. "काका, पुन्हा आलात? नळीचं काय झालं?" — भरल्या हॉलमध्ये, महेशसमोर, सुनेसमोर. मी म्हणालो, "एवढ्या लांब कशाला? वाटेत काय झालं म्हंजे? इचलकरंजीत माझ्या ओळखीचं डॉक्टर हाईत, पाच मिंटांत पोचू."

किती शहाण्यासारखं वाक्य आहे बघा. कुणी नावं ठेवेल का? जवळचा दवाखाना, ओळखीचे डॉक्टर, म्हाताऱ्या बाईचे हाल नकोत. मामा बोलला, की भाचा ऐकतो. गाडी डावीकडं वळायची ती उजवीकडं वळली.

त्या डॉक्टरांचा काही दोष नाही. त्यांनी सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, रक्त तपासायला पाठवलं, सोनोग्राफी केली. दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "पित्ताच्या नळीत खडे आहेत. इथं आमच्याकडं दुर्बीण नाही. आजच हलवा." आजच. मी महेशला काय सांगितलं असेल? "डॉक्टर म्हणत्यात, जरा ताप उतरू दे, सकाळी हलवू." ताप उतरला की वाट मोकळी होईल, खडा सरकेल, पुन्हा एकदा सुटेन — मी कुणासाठी प्रार्थना करत होतो तेसुद्धा मला धड सांगता यायचं नाही.

खडा सरकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा रक्तदाब उतरला. डॉक्टर माझ्यावर ओरडले, चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीवर नाव माझ्याच डॉक्टरांचं. दुसरं नाव असणार तरी कुठलं?

अँब्युलन्स कोल्हापूरला पोचली. महेश आणि सून आक्काबरोबर आत धावले. मी म्हटलं, "मला घेरी आल्यासारखं होतंय, चहा घेऊन आलोच." रस्त्यापलीकडं चहाची गाडी होती. तिथं बाकावर बसून राहिलो. दोन तास. आत बहीण, आणि मी रस्त्यापलीकडं. महेशचा तीनदा फोन आला. तिसऱ्यांदा तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "मामा, आई तुमचंच नाव घेतीया."

मग गेलो. तोंडाला मास्क लावला, टोपी खाली ओढली. काउंटरवर त्याच बाई होत्या. त्यांनी वर बघितलं, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाल्या, "पेशंटचं नाव सांगा."

मास्क काढला मी. का काढला, माहीत नाही. "मी — मागं आलतो." त्या म्हणाल्या, "इथं रोज शंभर माणसं येतात हो. पेशंटचं नाव?"

ओळखलं नाही त्यांनी मला. ज्यांच्या भीतीनं मी आक्काचा एक दिवस आणि एक रात्र घालवली, त्यांना मी आठवतही नव्हतो.

डॉक्टरांनी नळी टाकली होती. नुसता पू आला म्हणे. पण तोवर विष रक्तात पसरलं होतं. मला आत सोडलं. आक्काला बोलता येत होतं, पण तो मागावरचा आवाज नव्हता. कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. आयुष्यात पहिल्यांदा.

"सुभ्या, मी पथ्य मोडलं रं."

मला कळेना.

"शेजारच्या नातवाचं बारसं हुतं, सोमवारी. त्यांनी लई आग्रव केला. एक पुरी खाल्ली मी. एकच. आप्पाच्या औषधाला बोल लावू नगंस. औषध खरं हाय. माझंच चुकलं."

एक पुरी. माझा हात धरून ती माझीच माफी मागत होती. आप्पांच्या औषधाची माफी मागत होती, ज्या औषधासाठी तिला सोप्यात बसवलं होतं. तिचा कान माझ्या तोंडाशीच होता. आसपास कुणी नव्हतं, रांग नव्हती, महेश दाराबाहेर होता. मी म्हणू शकलो असतो — आक्का, पुरीनं काही होत नाही. खडा होता. मला माहीत होतं. मी दवाखान्यात आलो होतो, ह्याच दवाखान्यात. मी खोटं बोललो. तिनं मला शिव्या दिल्या असत्या, नाहीतर काहीच म्हणाली नसती. पण तिचं काही चुकलं नव्हतं, हे ऐकून तरी गेली असती.

मी म्हणालो, "असू दे आक्का. हुतंय माणसाकडनं."

म्हणजे मी तिला क्षमा केली. ऐकताय ना तुम्ही? मी — तिला.

शनिवारी सकाळी गेली ती. डॉक्टर महेशला म्हणाले, एक दिवस आधी आणलं असतं तर — मी खांबामागं उभा होतो. महेश माझ्याकडं वळून म्हणाला, "मामा, तुम्ही तरी काय करणार, जवळच न्यायला पायजे हुतं."

त्यानंतर मी औषध बंद केलं. मुळ्यांचा डबा नदीत सोडला. लोकांना वाटतं, बहिणीच्या दुःखानं नानांनी औषध सोडलं. मान कमी झाला नाही माझा, वाढलाच. अजून रविवारी कुणी आलं तर मी सांगतो, दवाखान्यात जावा, उशीर करू नका. तेवढं सांगतो. का, ते सांगत नाही.

आणि आक्काबद्दल लोक काय म्हणतात? तिनं बारशाची गोष्ट सुनेलाही सांगितली होती. सुनेनं महेशला सांगितली, महेशनं भावकीला. आता कबनूरला तिचं नाव निघालं, की बायका म्हणतात, "गुणाची हुती रत्नाबाई. पर जिभंनं घात केला. तीन रविवार कळ काढली असती तर आज असती." महेशसुद्धा तसंच म्हणतो, तिच्या फोटोकडं बघत, थोडा रागानं. जन्मभर अर्धी भाकरी दुसऱ्याला वाढून उरलेली खाणारी माझी बहीण, जिभेची चटोर म्हणून गेली.

परवा तिचं वर्षश्राद्ध झालं. मला मानानं पहिल्या पंगतीला बसवलं. भात, आमटी, भाजी, खीर. मी बसलो. वाढता वाढता सून म्हणाली, "मामा, पुरी तेवढी करत न्हाई बघा आम्ही. आत्ती गेल्यापासनं ह्या घरात कढईच चढवली न्हाई पुरीसाठी." मी मान हलवली. महेशनं माझ्या पानात खीर वाढली. मी जेवलो. उठताना त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला, आणि मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.